फील्डिंग योस्ट

फील्डिंग हॅरिस योस्ट (३० एप्रिल, १८७१ - २० ऑगस्ट, १९४६) हे अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक आणि मिशिगन विद्यापीठाचे क्रीडा संचालक होते. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडे फुटबॉल या नावाने परिचित असलेला खेळ नव्हे. यात चेंडू प्रामुख्याने हातात घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत न्यावयाचा असतो. अमेरिकेत या खेळाची वाढ महाविद्यालयांमध्ये झाली आणि त्याला लाखो प्रेक्षक लाभले. हे प्रेक्षक कायम येत राहतील, या विश्वासावर योस्ट यांनी ॲन आर्बर येथे मिशिगन स्टेडियम उभारले. प्रशिक्षक म्हणून त्यांचे विक्रम मोठे असले, तरी आज त्यांचे नाव मुख्यतः या वास्तूमुळे घेतले जाते.

प्रारंभीचे जीवन

योस्ट यांचा जन्म वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील फेअरव्ह्यू येथे झाला. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेत असताना ते तेथील संघात खेळू लागले. १८९६ साली ते ऐन हंगामात लाफायेट महाविद्यालयात दाखल झाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची सलग ३६ विजयांची मालिका खंडित करणाऱ्या सामन्यात ते लाफायेटकडून खेळले आणि त्यानंतर लवकरच आपल्या मूळ विद्यापीठात परतले. खेळाडूंच्या पात्रतेचे नियम त्या काळी किती सैल होते, याचे उदाहरण म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. पुढे क्रीडा संचालक झाल्यावर योस्ट खेळाच्या शुचितेचा आग्रह धरीत, हे या पार्श्वभूमीवर गमतीचे वाटते.

१८९७ ते १९०० या चार वर्षांत त्यांनी ओहायो वेस्लियन, नेब्रास्का, कॅन्सस आणि स्टॅनफर्ड अशा चार ठिकाणी प्रत्येकी एक हंगाम प्रशिक्षण दिले. १९०१ मध्ये ते मिशिगनला आले.

प्रशिक्षक म्हणून कारकीर्द

१९०१ ते १९०५ या काळात मिशिगनने ५७ पैकी ५५ सामने जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि एक गमावला. या पाच हंगामांत संघाने २,८२१ गुण मिळवले आणि प्रतिस्पर्ध्यांना केवळ ४२ गुण दिले. मिनिटाला एक गुण मिळवणारा संघ अशी त्याची ख्याती झाली, तर खेळाडूंना सतत घाई करण्यास सांगणाऱ्या योस्ट यांना ‘हरी अप’ हे टोपणनाव चिकटले. १ जानेवारी, १९०२ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असे हरवले. हाच पहिला रोझ बोल सामना मानला जातो. तो पाहण्यास सुमारे ८,००० लोक आले होते. नोव्हेंबर १९०५ मध्ये शिकागो विद्यापीठाने २-० असा विजय मिळवून मिशिगनची ५६ सामन्यांची अपराजित मालिका संपवली.

मधला १९२४ चा हंगाम वगळता योस्ट १९२६ पर्यंत प्रशिक्षक राहिले. मिशिगनमध्ये त्यांच्या नावावर १६५ विजय आहेत.

मिशिगन स्टेडियम

१९२१ मध्ये योस्ट क्रीडा संचालक झाले, तेव्हा मिशिगनचे सामने फेरी फील्डवर होत. तेथे तिकिटे मिळेनाशी झाली होती. शेजारच्या विद्यापीठांची प्रचंड क्रीडागारे एकापाठोपाठ एक उभी राहत होती. १९२२ मध्ये ओहायो स्टेटच्या आणि १९२४ मध्ये इलिनॉयच्या क्रीडागाराच्या उद्घाटनाच्या सामन्यात पाहुणा संघ मिशिगनच होता. योस्ट यांना एक लाखाहून अधिक प्रेक्षक सामावणारे मैदान हवे होते.

प्राध्यापकवर्गातून याला विरोध झाला. एवढ्या गर्दीमुळे विद्यापीठाचे मुख्य कार्य झाकोळेल, ही शंका अनाठायी नव्हती. एडमंड डे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२६ मध्ये साध्या, अलंकरणविरहित क्रीडागारास अनुकूल मत दिले. मात्र सर्व विद्यार्थ्यांना खेळता येईल अशा सोयी वाढवण्याचाही आग्रह धरला. त्यानुसार १९२८ मध्ये आंतरवर्गीय खेळांसाठी स्वतंत्र इमारत उभी राहिली.

क्रीडागारासाठी राज्याच्या करातून पैसा घेतला नाही. प्रत्येकी ५०० डॉलरचे ३,००० कर्जरोखे विकण्यात आले आणि ते घेणाऱ्यांना पुढील काही वर्षे तिकीट खरेदीचा हक्क मिळाला. चाहत्याची निष्ठा अशा रीतीने आगाऊ तारण घेतली गेली, असे म्हणता येईल. सर्वसामान्य विद्यार्थ्याला ५०० डॉलर परवडणारे नव्हते, हेही उघड आहे. क्रीडागाराचा मोठा भाग जमिनीखाली खोदून बांधला गेला. मंजुरी ७२,००० आसनांचीच होती, तरी भविष्यात एक लाखापलीकडे विस्तार करता येईल असा पाया योस्ट यांनी घालून घेतला.

१ ऑक्टोबर, १९२७ रोजी ओहायो वेस्लियनविरुद्ध पहिला सामना झाला, पण त्या दिवशी मैदान भरले नाही. २२ ऑक्टोबरला ओहायो स्टेटविरुद्धच्या उद्घाटनाच्या सामन्याला मात्र ८४,४०१ प्रेक्षक होते. त्यांच्यासाठी तात्पुरती बाके जोडावी लागली. पुढे महामंदी आली. १९३२ आणि १९३३ मध्ये मिशिगन राष्ट्रीय विजेता ठरूनही प्रेक्षकसंख्या घसरली आणि कर्जरोख्यांची परतफेड कठीण झाली. संघ जिंकत राहिला की मैदान भरते, हा समज त्या वर्षांनी खोटा ठरवला. लोकांची आस्था संपली नव्हती, तिकिटाचे पैसे संपले होते.

विलिस वॉर्ड प्रकरण

योस्ट यांच्या प्रशिक्षणकाळात एकही कृष्णवर्णीय खेळाडू मिशिगनच्या फुटबॉल संघाचा मानचिन्हधारक झाला नाही. हॅरी किपके प्रशिक्षक असताना विलिस वॉर्ड संघात आले. १८९२ नंतरचे ते पहिलेच कृष्णवर्णीय खेळाडू होते. २० ऑक्टोबर, १९३४ रोजी जॉर्जिया टेक संघ ॲन आर्बरला येणार होता आणि कृष्णवर्णीय खेळाडूविरुद्ध खेळण्यास त्याची तयारी नव्हती. योस्ट यांनी ही अट मानली व वॉर्ड यांना बाहेर बसवण्यात आले. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड त्या संघात होते.

या निर्णयाविरुद्ध विद्यार्थ्यांनी सभा घेतल्या, निवेदने काढली आणि सामना बंद पाडण्याचीही भाषा केली. आपल्या संघाच्या विजयापेक्षा आपल्या खेळाडूचा मान मोठा मानणारे हे प्रेक्षक होते. मिशिगनने तो सामना ९-२ असा जिंकला; त्या हंगामातील आठ सामन्यांत संघाला मिळालेला तो एकमेव विजय होय.

निवृत्ती आणि वारसा

योस्ट १९४० मध्ये निवृत्त झाले आणि १९४६ मध्ये ॲन आर्बर येथे त्यांचे निधन झाले. १९५१ मध्ये कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेमच्या पहिल्या तुकडीत त्यांचा समावेश करण्यात आला. १९५६ मध्ये स्टेडियमची क्षमता एक लाखाच्या वर गेली. आता ती १,०७,६०१ आहे. नोव्हेंबर १९७५ पासून येथील प्रत्येक सामन्याला एक लाखाहून अधिक प्रेक्षक आले आहेत. अपवाद केवळ महासाथीमुळे प्रेक्षकांना मज्जाव असलेल्या २०२० च्या हंगामाचा. ७ सप्टेंबर, २०१३ रोजी नोत्र दामविरुद्धच्या सामन्यास १,१५,१०९ जण उपस्थित होते.

१९२३ मध्ये बांधलेल्या आणि पुढे बर्फावरील हॉकीचे मैदान झालेल्या वास्तूला योस्ट यांचे नाव आहे. वॉर्ड प्रकरण आणि संघातील वर्णभेद लक्षात घेऊन ते नाव काढावे, अशी शिफारस विद्यापीठाच्या एका समितीने २०२१ मध्ये केली.