जोनच्या तीन केसेस

जोन ऑफ आर्क म्हटलं की चिलखत, घोडा आणि शेवटी आग, एवढंच डोळ्यांसमोर येतं. खरं तर तिच्या लढाया जेमतेम वर्षभर चालल्या. कोर्टाने मात्र ती गेल्यावरही तिचा पिच्छा सोडला नाही. आणि हे कोर्ट राजाचं नव्हतं, चर्चचं होतं.

त्या काळात युरोपात बिशपचं स्वतःचं कोर्ट असायचं. तिथे फक्त धर्माचे वाद जायचे असं नाही. लग्न, लग्नाचं वचन, मृत्युपत्र अशा घरगुती भानगडीही चर्चच्याच कायद्याने सुटायच्या. जोनची पहिली केस अशीच होती. ती पूर्व फ्रान्समधल्या दोंरेमी गावची, शेतकऱ्याची मुलगी. एका तरुणाने तूलच्या कोर्टात तिला खेचलं. दावा काय, तर हिने मला लग्नाचं वचन दिलंय. तेव्हा नुसतं तोंडी वचनही गळ्याशी येऊ शकायचं. ती कोर्टात गेली, आपण असं कोणतंही वचन दिलेलं नाही हे शपथेवर सांगितलं. लग्न काही झालं नाही.

पुढचं सगळ्यांना माहितीये. १४२९ मध्ये ऑर्लेआंचा वेढा उठला, सातव्या चार्ल्सला राज्याभिषेक झाला. मे १४३० मध्ये काँपिएन्यला ती पकडली गेली आणि १०,००० लिव्हरना इंग्रजांच्या ताब्यात गेली.

इंग्रजांना ती नुसती मेलेली नको होती, पाखंडी ठरून मेलेली हवी होती. कारण पाखंडी मुलीने गादीवर बसवलेल्या राजाची अब्रूही तिच्याबरोबर जाणार! त्यासाठी पिएर कोशों हा बिशप पुढे आला. जोन त्याच्या हद्दीत पकडली गेली, म्हणून केस त्याची. पण स्वतःच्या शहरातून तो आधीच पळालेला. मग रूआँच्या चर्चकडून जागेची परवानगी घेऊन १४३१ मध्ये तिथे कोर्ट भरवलं. म्हणजे कागदोपत्री सगळं चोख.

प्रत्यक्षात काय? पाखंडाच्या आरोपीला चर्चच्या तुरुंगात ठेवायचं, बाई असेल तर पहाऱ्याला बायका द्यायच्या. जोनला किल्ल्यात बेड्या घालून इंग्रज सैनिकांच्या पहाऱ्यात ठेवलं. चौकशीत तिच्या बाजूने वकील नाही. तिने पोपकडे दाद मागितली, तीही मानली नाही. समोर विद्यापीठात शिकलेले धर्मपंडित आणि इकडे लिहिता-वाचता न येणारी ही एकटी. तुझ्यावर देवाची कृपा आहे का, असं विचारलं. हो म्हटलं तर गर्व, नाही म्हटलं तर गुन्ह्याची कबुली. तिने ते देवावरच सोडलं आणि सापळ्यातून अलगद बाहेर पडली. कुठल्याही व्हायव्हाला घाम फुटणाऱ्यांनी तिचे जबाब एकदा वाचावेतच.

७० आरोपांचे शेवटी १२ झाले. २४ मे रोजी आगीची भीती दाखवून तिच्याकडून माफीच्या कागदावर खूण करून घेतली. त्या कायद्यात पहिल्यांदा कबुली देणाऱ्याचा जीव वाचायचा, पण पुन्हा तेच केलं तर दया नाही. पुरुषी कपडे घालायचे नाहीत, ही अट होती. तिला मात्र परत त्याच सैनिकांच्या पहाऱ्यात टाकलं आणि चार दिवसांत ती पुन्हा पुरुषी कपड्यांत दिसली. त्या कोठडीत एखादी मुलगी दुसरं काय करणार होती? पण कोर्टाला एवढं पुरेसं होतं. चर्च स्वतः रक्त सांडत नसे, ते आरोपीला सरकारच्या हाती द्यायचं. ३० मे रोजी सरकारी अधिकाऱ्याने रीतसर शिक्षाही न सुनावता तिला जाळायला पाठवलं. ती साधारण १९ वर्षांची होती. म्हणजे आपल्याकडची एसवायची मुलगी.

तिसऱ्या केसमध्ये जोन नव्हतीच. चर्चने दिलेला निकाल राजालाही फिरवता येत नव्हता, त्यासाठी पोपच हवा. चार्ल्सला आता स्वतःच्या मुकुटावरचा डाग पुसायचा होता (ती कैदेत असताना हे महाराज गप्प होते, हे विसरायला नको). पोपची परवानगी मिळाली आणि ७ नोव्हेंबर १४५५ रोजी जोनची म्हातारी आई, इझाबेल, पॅरिसच्या नोत्र दामच्या चर्चमध्ये न्याय मागायला उभी राहिली.

गावकरी, जुने सैनिक, पाद्री, असे शंभरावर साक्षीदार तपासले. सगळ्यात कामी आला गियोम मांशों. हा पहिल्या खटल्याचा लेखनिक. जोन नेमकं काय बोलली याची त्याने त्या वेळी फ्रेंचमध्ये घेतलेली टिपणं त्याच्याकडे होती. पडद्याआड बसवलेले लोक तिच्या बचावाचं गाळून लिहीत होते, आपल्यावरही दबाव होता, असं त्याने सांगितलं. माफीच्या कागदाचंही बिंग फुटलं. तिला वाचून दाखवला तो काही ओळींचा होता, असं साक्षीदार म्हणाले. दप्तरात लावलेला चांगलाच लांब होता.

७ जुलै १४५६ रोजी रूआँमध्येच पहिला खटला रद्द ठरला. आरोपपत्राची प्रत फाडली गेली. शिक्षा कुणालाच झाली नाही. कोशों तर १४४२ मध्येच मेला होता. इझाबेल १४५८ मध्ये गेली. जोनला चर्चने संत म्हणून जाहीर केलं, ते १९२० मध्ये.