सासरऐवजी तुरुंग पत्करणाऱ्या डॉ. रखमाबाई

रखमाबाईंचा जन्म 1864 सालचा, मुंबईचा. आई जयंतीबाई तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांच्या, आणि सतराव्या वर्षी त्या विधवाही झाल्या. पुढे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. घरात डॉक्टर, पुस्तकं. तरी अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न झालंच. सुशिक्षित घरात असं होत नाही, हा समज तेव्हाही खोटा होता.

मुलगी माहेरीच राहिली, वाचत राहिली. 1884 मध्ये नवरा दादाजी भिकाजी कोर्टात गेला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल तिच्या बाजूने दिला: अजाण वयात लावलेल्या लग्नासाठी तिला जबरदस्तीने नवऱ्याकडे पाठवता येणार नाही. अपील झालं, आणि मार्च 1887 मध्ये हुकूम आला की सासरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तिने तुरुंग निवडला. पाठीशी उभे राहिलेले सावत्र वडील तोवर वारले होते. अखेर 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं.

याच सुमारास कोलकात्यात फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली. संमतीचं वय तेव्हा दहा होतं, त्यामुळे तो बलात्कार ठरलाच नाही. 1891 च्या कायद्याने ते बारा केलं. आज अठरा आहे. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अल्पवयीन पत्नीही त्यातून वगळलेली नाही.

वैद्यकशास्त्राचं म्हणणं सरळ आहे. कोवळ्या वयात कंबरेची हाडं पुरती वाढलेली नसतात. बाळ अडतं, रक्तदाब वाढून झटके येतात, रक्त आधीच कमी असतं. बाळही कमी वजनाचं जन्मतं. रखमाबाई 1889 मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या. सुरत आणि राजकोट इथे त्यांनी सुमारे 35 वर्षं बाळंतपणं केली.

आपल्याकडे झरी-जामणी भागातल्या कुमारी मातांचा प्रश्न जुना आहे. तिथे लग्नाचंही निमित्त नसतं, फक्त आमिष. पोक्सो कायद्यात अशा मुलीची संमती धरली जात नाही, आणि गुन्ह्याची माहिती असून गप्प बसणं हाही गुन्हा आहे. बालविवाह रोखण्याचा अधिकार गावात ग्रामसेवकाला आहे. 1098 हा फोन फुकट लागतो.

रखमाबाई 1955 मध्ये गेल्या. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही.