पुण्यश्लोक अहिल्याबाई : उपासना, राज्यकार्य आणि विश्रांती

प्रपंचात राहून परमार्थ साधू इच्छिणाऱ्या मनुष्याची एक तक्रार नेहमीची असते. कामाचा व्याप वाढला की स्मरणास वेळ उरत नाही. स्मरणास बसावे तर हातचे काम अडून राहते. आणि दोन्ही साधण्याच्या खटाटोपात जेवणाची वेळ टळते, झोप तुटते व शरीर थकून जाते. मग मनुष्य मनाशी ठरवतो की, एवढी घाईगर्दी सरू द्यावी, पुढे निवांतपणा लाभला म्हणजे उपासना नीट करता येईल. तो निवांतपणा बहुधा येतच नाही. एक घाई सरते न सरते तोच दुसरी उभी राहते आणि आयुष्य सरून जाते.

या तक्रारीचा विचार करताना महेश्वरच्या अहिल्याबाई होळकर यांचे चरित्र डोळ्यांपुढे येते. त्यांची मंदिरे, घाट व धर्मशाळा सर्वांस ठाऊक आहेत. परंतु अठ्ठावीस वर्षे राज्याचा भार वाहताना त्यांनी आपला दिवस कसा वाटून घेतला होता, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. साधकाच्या दृष्टीने त्यांच्या चरित्रातील हाच भाग विशेष विचार करण्याजोगा आहे.

बालपण आणि संसार

अहिल्याबाईंचा जन्म इ. स. १७२५ मध्ये चोंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात येते. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. इ. स. १७३३ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. इ. स. १७४५ मध्ये पुत्र मालेराव व इ. स. १७४८ मध्ये कन्या मुक्ताबाई अशी दोन अपत्ये त्यांना झाली.

इ. स. १७५४ च्या मार्च महिन्यात सुरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्यास मराठ्यांचा वेढा पडला असता खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाले. अहिल्याबाईंचे वय त्या वेळी तिशीच्या आतच होते. त्या काळच्या रूढीप्रमाणे त्यांनी सती जाण्याचा निश्चय केला. परंतु पुत्र गमावलेल्या वृद्ध मल्हाररावांनी सुनेपुढे पदर पसरावा तशी विनवणी केली. आता तूच माझा मुलगा, माझ्या म्हातारपणाचा आधार मोडू नकोस, असा त्या विनवणीचा आशय होता. अहिल्याबाईंनी ती मानली. आपले जगणे आता आपल्या मालकीचे राहिले नसून ते कोणाच्या तरी कामासाठी राखलेले आहे, ही जाणीव त्यांच्या मनात तेव्हापासून रुजली असावी. पुढील सारे आयुष्य त्या याच जाणिवेने वागल्या.

मल्हाररावांनी सुनेला केवळ देवघरात बसवून ठेवले नाही. स्वतः मोहिमांवर असताना वसुली, पत्रव्यवहार व लष्कराची तरतूद ही कामे ते तिच्याकडे सोपवीत. इ. स. १७६५ च्या त्यांच्या पत्रांत तोफखाना व दारूगोळा यांच्या व्यवस्थेविषयी अहिल्याबाईंना सूचना दिलेल्या आढळतात. राज्यकारभाराचे शिक्षण त्यांना असे प्रत्यक्ष कामातूनच मिळाले.

राज्याचा भार

इ. स. १७६६ च्या मे महिन्यात मल्हारराव आलमपूर येथे निवर्तले. मालेरावांस वस्त्रे मिळाली, परंतु त्यांचे चित्त स्थिर नव्हते. वर्षाच्या आतच, इ. स. १७६७ मध्ये, त्यांचाही अंत झाला. सासरे व पुत्र असे दोन आधार एकापाठोपाठ तुटले असतानाच दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे मूल दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती ठेवण्याचा बेत केला व राघोबादादांस फौजेसह बोलावले. अहिल्याबाईंनी दुःख बाजूस ठेवून लढाईची तयारी केली, शेजारच्या सरदारांस पत्रे लिहिली व पुण्यास माधवराव पेशव्यांकडे न्याय मागितला. पेशव्यांनी त्यांचा पक्ष उचलून धरला आणि दादांना लढाई न करता परतावे लागले.

यानंतर अहिल्याबाईंनी घेतलेला पहिला मोठा निर्णय म्हणजे कामाची वाटणी होय. सर्व काही आपल्याच हाती ठेवण्याचा मोह त्यांनी धरला नाही. लष्कराचे आधिपत्य त्यांनी होळकर घराण्यातील तुकोजीरावांकडे दिले आणि मुलकी कारभार, न्याय व खजिना स्वतःकडे ठेवला. तुकोजीराव त्यांना मातुःश्री म्हणत. मोहिमांच्या खर्चावरून पुढे दोघांत वारंवार खटके उडाले, तरी ही वाटणी अखेरपर्यंत मोडली नाही. ज्याला सर्वच कामे स्वतः करावयाची असतात, त्याला उपासनेस वेळ मिळत नाही आणि त्याची कामेही धड होत नाहीत. अहिल्याबाईंनी हे आरंभीच ओळखले होते.

द्रव्याच्या बाबतीतही त्यांनी अशीच मर्यादा घातली. होळकरांच्या घरात दौलत आणि खासगी असे दोन वेगळे हिशेब होते. दौलत म्हणजे राज्याचा वसूल. तो फौज व कारभार यांसाठी असे. खासगी म्हणजे इ. स. १७३४ मध्ये सासूबाई गौतमाबाईंच्या नावे बाजीराव पेशव्यांनी दिलेल्या जहागिरीचे उत्पन्न. काशीचे विश्वनाथ मंदिर, गयेचे विष्णुपद, सोमनाथ व अनेक तीर्थांवरील घाट आणि अन्नछत्रे यांचा खर्च त्यांनी मुख्यतः या खासगीतून केला. देवकार्यासाठी रयतेच्या द्रव्याला हात लावायचा नाही आणि राज्याच्या अडचणीसाठी देवकार्य बुडवायचे नाही, असा हा शिरस्ता होता.

दिवसाची वाटणी

द्रव्याप्रमाणेच त्यांनी काळाचेही दोन हिशेब ठेवले. इ. स. १८१८ नंतर माळव्याचा कारभार पाहणारे इंग्रज अधिकारी जॉन माल्कम यांनी बाईंच्या पदरी राहिलेल्या माणसांकडून माहिती गोळा केली व ती इ. स. १८२३ मध्ये मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात नोंदवली. त्यावरून बाईंचा नित्यक्रम बराचसा स्पष्ट होतो.

सूर्योदयापूर्वी एक तास त्या उठत. स्नान, पूजा व प्रातर्विधी आटोपल्यावर ठरावीक वेळ ग्रंथश्रवण चाले. त्यानंतर दानधर्म होई आणि ब्राह्मणांस त्या स्वतः अन्न वाढीत. मग त्यांचे स्वतःचे भोजन होई. ते सदैव शाकाहारी असे; कुळाच्या चालीने मांसाहार निषिद्ध नसतानाही त्यांनी तो सोडला होता. भोजनोत्तर पुन्हा थोडा वेळ प्रार्थना करून त्या काही काळ विश्रांती घेत. उठल्यावर वस्त्रे बदलून दुपारी सुमारे दोन वाजता त्या दरबारात येत व सायंकाळी सहापर्यंत तेथे बसत. त्यानंतरचे दोन-तीन तास उपासना व अल्प आहार यांत जात. रात्री नऊच्या सुमारास पुन्हा कामकाज सुरू होई आणि अकरा वाजता त्या शयनास जात.

या क्रमाचा हिशेब मांडून पाहिला म्हणजे काही गोष्टी ध्यानात येतात. दरबारचे चार तास आणि रात्रीचे दोन तास मिळून राज्याचे काम सहा तासांचे होते. एवढ्या वेळात सामान्य रयतेची फिर्यादही त्या स्वतः ऐकत, पंचायतींनी दिलेले निवाडे पाहत आणि पुणे, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, नागपूर, लखनौ व कलकत्ता येथील आपल्या वकिलांचा पत्रव्यवहार चालवीत. हे शक्य झाले, याचे कारण कामाला बसण्यापूर्वी चित्त निवळलेले असे. दिवसाचा पहिला भाग उपासनेचा होता. तो कामातून उरलेला वेळ नसून आधीच राखून ठेवलेला वेळ होता. सायंकाळची उपासनाही दोन कामांच्या मध्ये ठेवलेली होती, त्यामुळे दरबारातील राग-लोभ रात्रीच्या कामापर्यंत पोहोचत नसत.

दुसरी गोष्ट भोजनोत्तर विश्रांतीची. ती थोडी होती, परंतु नेमाची होती. दुपारी थोडे पडल्याशिवाय दरबारात जायचे नाही, यात आळस नव्हता. थकलेल्या मनाने दिलेला न्याय बिघडतो आणि त्याचे फळ गरिबाला भोगावे लागते. या दृष्टीने पाहता राज्यकर्त्याची विश्रांती हाही रयतेचाच हक्क ठरतो.

हा नेम मोडत नसे असे नाही. उपवास, सण-उत्सव आणि राज्यावरील संकटे या प्रसंगी तो बदले. रामपुऱ्याच्या चंद्रावतांनी बंड केले तेव्हा फौज पाठवून ते मोडावे लागले. अशा दिवसांत घड्याळाकडे पाहून चालत नाही. परंतु संकट सरताच दिवस पुन्हा आपल्या ठिकाणी येई. नेमाची खरी परीक्षा तो कधी मोडला यात नसते. मोडल्यावर तो किती लवकर पुन्हा धरला, यात असते.

कार्य हीच उपासना

पूजा आणि दरबार ही दोन जगे अहिल्याबाईंनी परस्परांपासून तोडली नव्हती. त्यांच्या हुकुमांवर श्रीशंकराचे नाव असे. राज्य देवाचे, आपण त्याच्या आज्ञेने ते चालवणार, हा भाव त्यामागे होता. त्यामुळे केल्या कर्माचा जाब आपल्याला द्यावयाचा आहे, ही आठवण दरबारातही राही. श्रीमंत विधवांचे धन सरकारजमा करण्याची संधी अनेकदा चालून आली, परंतु त्यांनी ती नाकारली. रस्त्यांवर लूटमार करणाऱ्या भिल्लांना त्यांनी आधी समजावले, न ऐकणाऱ्यांस दंड दिला, आणि वाटसरूंकडून कौडी घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य करून रस्त्यांच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावरच सोपवली.

एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला, तेव्हा त्यांनी तो शांतपणे ऐकला, आपण एवढ्या स्तुतीस पात्र नाही असे म्हटले आणि ग्रंथ नर्मदेत सोडण्यास सांगितले. स्तुती ऐकण्याचीही एक घाई असते. ती मनुष्याचा वेळ आणि चित्त दोन्ही खाते. बाईंनी तिला दारातच थांबवले.

श्रम आणि विसावा यांविषयीची त्यांची जाण मुक्या प्राण्यांपर्यंत गेली होती. महेश्वरच्या आसपास उन्हात नांगराला जुंपलेले बैल थांबवून त्यांना पाणी पाजण्यासाठी त्यांनी माणसे नेमली होती. शेतकरी पाखरांना पिकावरून हाकलून देतात म्हणून उभ्या पिकाची शेते विकत घेऊन ती पाखरांसाठी मोकळी ठेवली जात. राबणाऱ्या जिवाला मध्ये थांबण्याचा आणि पाण्याचा हक्क आहे, हे ज्या बाईंनी बैलांच्या बाबतीत जाणले, त्यांनी तो न्याय स्वतःला कितपत लावला, हा प्रश्न मात्र त्यांच्या उत्तरायुष्याकडे पाहताना मनात उभा राहतो.

दुःखाचा काळ आणि शेवट

मुक्ताबाईंचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशी झाला होता. त्यांचा तरुण मुलगा नथ्याबा हा आजीचा मोठा विसावा होता. तो अकाली गेला. त्यापाठोपाठ इ. स. १७९१ मध्ये यशवंतरावही वारले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचे ठरवले. सदतीस वर्षांपूर्वी मल्हाररावांनी जी विनवणी अहिल्याबाईंना केली होती, तीच आता त्यांनी आपल्या मुलीला केली. आपल्याला या वयात एकटे टाकू नये म्हणून त्यांनी नाना प्रकारे समजावले. सासऱ्याचे शब्द सुनेने ऐकले होते. आईचे शब्द मुलीने ऐकले नाहीत. चितेजवळ त्या दोन ब्राह्मणांच्या आधाराने उभ्या होत्या आणि अखेरीस त्यांचा धीर सुटला. नंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही व कोणाशी शब्दही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवसानंतर सावरून त्यांनी त्या ठिकाणी स्मारकाचे काम लावले आणि पुन्हा कारभारात लक्ष घातले.

नेम त्यांना येथेही उपयोगी पडला. दुःखाने बुद्धी चालेनाशी झाली, तरी पहाटे उठण्याची, श्रवणाची व दरबाराची वेळ ठरलेली होती; त्या वेळांनीच त्यांना हाताला धरून पुढे नेले. परंतु शरीराने हा भार पूर्वीसारखा पेलला नाही. इ. स. १७९५ च्या १३ ऑगस्टला, श्रावण सरत आला असता, महेश्वर येथे सत्तराव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. चिंता आणि श्रम यांनी त्या झिजल्या होत्या, आणि अनेक कडक उपवासांमुळे त्यांचा अंत लवकर झाला, असे काहींचे म्हणणे असल्याची नोंद माल्कमांनी केली आहे.

हे म्हणणे खरे असेल तर ते दोष म्हणून सांगण्याचे कारण नाही. परंतु साधकाने ते लक्षात ठेवावे. ज्या नित्यक्रमात भोजनाला व विश्रांतीला पूजेइतकेच निश्चित स्थान होते, त्याने त्यांना सत्तर वर्षांपर्यंत नेले. ज्या ठिकाणी व्रताने भोजनाचे स्थान घेतले, त्या ठिकाणी देह खचला. देह हे साधन आहे. ते भोगासाठी लाडावणे जसे चुकीचे, तसेच ते धर्माच्या नावाने उपाशी मारणेही योग्य नव्हे. साधन मोडल्यावर स्मरणही थांबते आणि सेवाही थांबते.

ज्याच्या पाठीशी आज संसाराची, नोकरीची वा शेतीची घाई लागलेली आहे, त्याने या चरित्रातून तीन गोष्टी घ्याव्यात. उपासनेची वेळ कामाच्या आधी राखावी, कामानंतर उरेल त्या वेळेवर ती सोडू नये. जे काम दुसऱ्याला देता येते ते विश्वासाने द्यावे. आणि नांगराच्या बैलाला पाणी पाजणाऱ्या बाईंची आठवण ठेवून, दिवसातून एकदा तरी आपल्याही मानेवरचे जू क्षणभर उतरवावे. त्या विसाव्यात देवाचे नाव घेतले तर तो वेळ वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.