नाथमहाराजांचा भावार्थ

श्रीएकनाथमहाराजांचे विंचवाचे भारूड ज्याने ऐकले नाही असा वारकरी विरळा. ते सुरू झाले की मंडपात हशा पिकतो. हसावे जरूर, नाथांनी ते हसण्यासाठीही केले आहे. पण त्या विंचवाची नांगी नेमकी कुठे लागली, हे पाहणारा श्रोता त्यांना हवा होता.

पैठणास भानुदासांच्या कुळात नाथांचा जन्म झाला. आईबाप लवकर गेले, आजोबांनी वाढवले. पोरवयातच ते देवगिरीस जनार्दनस्वामींच्या पायाशी गेले. स्वामी किल्ल्यावरचे अधिकारी, म्हणून नाथांकडे हिशेब आला. एका पैची चूक सापडेना, तेव्हा त्यांनी रात्र जागवली आणि चूक सापडताच टाळी वाजवली. स्वामींनी तिथेच खूण दिली की संसारातली चूक सापडली तर आनंद केवढा होईल! चरित्रकारांनी सांगितलेली ही गोष्ट आपण शंभरदा ऐकतो, पण एक ध्यानात घ्यावे. पै खरीच चुकली होती, आणि हिशेब चोख झाल्यावरच परमार्थ निघाला. रूपकाचा पहिला धडा नाथांना वहीवर मिळाला म्हणा ना!

पुढे पैठणास आरंभिलेले भागवताच्या एकादश स्कंधाचे विवरण काशीस शके १४९५, म्हणजे इ.स. १५७३ मध्ये पुरे झाले. शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागल्याचे माउलींनी स्वप्नात सांगितले, अशी कथा आहे. दुसरा कोणी स्वप्नाचा अर्थ लावीत घरी बसला असता. नाथ आळंदीस गेले! पुढे पाठ शुद्ध करताना आपली एक ओवीही कोणी त्यात घालू नये, असे बजावून ठेवले. अर्थ सांगणाऱ्याला एवढा धाक हवाच.

भारुडात नाथांनी जोशी, वासुदेव, गोंधळी असे रोज दारात येणारे लोक उभे केले. विंचू म्हणजे कामक्रोध, आणि उतारा सत्त्वगुणाचा. ही किल्ली नाथ भारुडातच ठेवतात, बुवांनी पदरची घडवायला नको. दुसऱ्या एका भारुडात सासुरवाशीण भवानीकडे सासू, सासरा, नणंद, नवरा सगळ्यांची वाट लावायला सांगते. तिला एकटी राहायचंय. तो एकटेपणा जीवाचा, हे खरे. पण तिचा जाच आधी खरा वाटला पाहिजे. बाई खोटी वाटली, की आतला जीवही खोटा वाटतो.

उतारवयात त्यांनी रामायण घेतले आणि नावच भावार्थ रामायण दिले. त्यात कौसल्या सद्विद्या, कैकेयी अविद्या, मंथरा कुविद्या. लक्ष्मण आत्मप्रबोध, आणि भरत म्हणजे भावार्थ. एवढे सांगून नाथ थांबत नाहीत. राम वनात जातो, माणसे रडतात, लढाया होतात, आणि सारे पाल्हाळाने येते. कथा फोलपटासारखी पाखडून टाकली नाही.

हल्ली मात्र काही मंडळींना हा आवर राहत नाही. रामेश्वराला चालवलेली गंगेची कावड नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. तर गाढव म्हणजे अज्ञान आणि कावड म्हणजे ज्ञान, असा अर्थ सांगतात! अहो, ते गाढव तहानलेले होते. नाथांना त्यात रामेश्वर दिसला तो त्याची तहान खरी मानूनच. तहानेचे रूपक केले, की पाणी पाजायचे राहून जाते.

युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले आणि शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीत देह ठेवला. उरलेले रामायण गावबाने पुरे केले, असे परंपरा सांगते. पुरणपोळीच्या आशेने नाथांच्या वाड्यात राहिलेला हा पोरगा, एकनाथ या नावापलीकडे दुसरा मंत्र त्याच्या तोंडी बसत नसे.