पालकुर्तीची ऐलम्मा

अमेरिकेत गुलामगिरी मोडण्यासाठी रक्ताचे पाट वाहिले आणि १८६५ साली ती कायद्याने संपली. त्या कार्याबद्दल जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ तेथील लोकांस अर्पण केला. तथापि त्यानंतर सत्तर वर्षे लोटली तरी निजामी राज्यातील तेलंगणात माणसे वेठीस धरली जातच होती.

या वेठीविरुद्ध उभी राहिली ती चाकली ऐलम्मा. चाकली म्हणजे परीट. तिचा जन्म १८९५ सालचा. परटाने गढीतील कपडे फुकट धुवावे, चांभाराने जोडे फुकट शिवावे, कुळाने स्वतःचे शेत टाकून आधी देशमुखाचे नांगरावे, असा तेथील दंडक होता. देशमुख, गढी, वेठ हे शब्द आपणांस परके नाहीत. तेलुगूतही ते थोड्याफार फरकाने तेच आहेत.

ऐलम्माने पालकुर्ती गावी खंडाने जमीन घेतली व ती आंध्र महासभेत, लोकांच्या भाषेत ‘संघमा’त, सामील झाली. परटिणीने स्वतःचे शेत करावे हे विसनूरच्या देशमुखास रुचले नाही. खटले झाले, तिच्या घरातील पुरुष तुरुंगात गेले. अखेर पीक हाताशी आले तेव्हा देशमुखाने ते कापून नेण्यासाठी आपली माणसे पाठविली. संघमाचे कार्यकर्ते लाठ्या घेऊन शेतावर धावले, त्यांनी त्या माणसांना पिटाळले आणि धान्य ऐलम्माच्या घरी पोहोचविले. पुढे तिचे घर जाळण्यात आले. जमीन मात्र तिने सोडली नाही. निरक्षर, प्रौढ वयाची ही स्त्री! एवढे बळ तिने कोठून आणले असेल?

४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी येथे देशमुखाच्या माणसांनी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. त्यांत दोड्डी कोमरय्या हा तरुण ठार झाला. तोवर लाठ्या, गोफणी आणि बायकांच्या हातची तिखटाची पूड हीच खेड्यांची शस्त्रे होती. आता बंदुका आल्या. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी सत्ता संपली, तरी लढा थांबला नाही. तो पुढे भारतीय फौजेशी चालला, आणि त्यात अनेक गरीब घरे उद्ध्वस्त झाली, हेही सांगितले पाहिजे. तो ऑक्टोबर १९५१ मध्ये मागे घेण्यात आला.

मात्र १९४९ साली जहागिरी गेल्या, १९५० साली कुळकायदा आला. १८ एप्रिल १९५१ रोजी याच तेलंगणातील पोचमपल्लीत, कोकणातील गागोद्याच्या विनोबांना भूदानाची पहिली शंभर एकर जमीन मिळाली. वेठबिगारीवर देशभर कायद्याने बंदी येण्यास मात्र १९७६ साल उजाडावे लागले.

ऐलम्मा १० सप्टेंबर १९८५ रोजी वारली. हैदराबादेत कोठी येथे, जेथे पूर्वी इंग्रज रेसिडेंट राहत असे, त्या आवारातील महिला विद्यापीठास २०२४ साली या परटिणीचे नाव देण्यात आले.