डॉ. विल्यम केरी : नेमानें चालणारा सेवक

आपण अल्पशिक्षित, आपला धंदा हलका, आपल्या हातून काय होणार, असें ज्यांस वाटतें त्यांनीं डॉ. विल्यम केरी यांचें चरित्र ध्यानांत घ्यावें.

केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं इंग्लंडांतील पॉलर्सपरी या खेड्यांत एका विणकऱ्याच्या घरीं झाला. त्वचेच्या विकारामुळें त्यांस उन्हांत काम करवेना, म्हणून वडिलांनीं त्यांस जोडे शिवण्याच्या धंद्यास लाविलें. उमेदवारींत असतां त्यांच्या हातून एक पाप घडलें. आपणांस मिळालेलें खोटें नाणें त्यांनीं धन्याच्या हिशेबांत घातलें व लबाडी केली. ती उघडकीस येतांच त्यांस अत्यंत लाज वाटली, आणि त्या लाजेंतून पश्चात्तापाचा आरंभ झाला.

त्याच दुकानांत नव्या करारावरील एका पुस्तकांत त्यांस ग्रीक शब्द आढळले. तीं अनोळखी अक्षरें ते उतरून घेत व गांवच्या एका शिकलेल्या विणकऱ्याकडून समजून घेत. पुढें हातांत आरी व शेजारीं उघडें पुस्तक, असा त्यांचा नित्यक्रम झाला. अशा रीतीनें त्यांनीं लॅटिन, ग्रीक व हिब्रू भाषा साध्य केल्या. मोल्टन गांवीं त्यांनीं कागद जोडून जगाचा नकाशा केला व त्यावर देशोदेशींची लोकसंख्या व धर्म लिहिले. काम करतां करतां तो रोज पाहत असतां आपलें पाचारण कोणतें हें त्यांस उमगलें.

१७९३ सालीं ते सहकुटुंब बंगाल्यांत आले. निळीच्या कारखान्यावर देखरेख करून ते उदरनिर्वाह करीत व उरल्या वेळांत भाषांतर करीत. तेथें लहानगा पीटर मरण पावला आणि पत्नी डॉरथी यांस मनाचा आजार जडला. त्या प्रथम येण्यास राजी नव्हत्या. या सेवेची किंमत त्यांनींही भरली, हें आपण विसरूं नये. सात वर्षें लोटल्यावर, डिसेंबर १८०० मध्यें, कृष्ण पाल नामक सुताराचा बाप्तिस्मा झाला.

फोर्ट विल्यम कॉलेजांत शिकवीत असतां केरी यांनीं वैजनाथ पंडितांच्या साह्यानें आपल्या मराठीचें व्याकरण १८०५ सालीं व कोश १८१० सालीं छापला. वेतनाचा बहुतेक भाग ते मिशनच्या कामीं देत.

११ मार्च १८१२ च्या सायंकाळीं श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागद, अनेक भाषांचे खिळे आणि वर्षानुवर्षें श्रमून लिहिलेलीं हस्तलिखितें भस्म झालीं. केरी त्या वेळीं कलकत्त्यास होते. सहकारी मार्शमन यांनीं दुसऱ्या दिवशीं वार्ता दिली. केरी यांनीं देवाच्या इच्छेपुढें मस्तक नमविलें, पण हात जोडून बसले नाहींत. राखेंतील वितळलेल्या धातूपासून खिळे पुन्हां ओतण्यांत आले, आणि एकदां चाललेली वाट दुसऱ्यानें सोपी होते, अशा भरंवशानें त्यांनीं जळालेलें काम पुन्हां पहिल्या पानापासून हातीं घेतलें.

९ जून १८३४ रोजीं ते श्रीरामपूर येथें प्रभूंत निजले. आपणांत विशेष बुद्धि नसून, हातीं घेतलेलें काम नेटानें पुढें नेण्याची संवय तेवढी आहे, असें ते मानीत. ती संवय दुकानांतील आरीजवळ बसून लागली होती. मग आपल्या नांगराजवळ, चुलीजवळ अथवा शाळेच्या ओट्यावर ती कां लागूं नये? रोज दिवा लागल्यावर थोडा वेळ नेमानें वाचावें, केलेली चूक कबूल करावी, आणि जळालें तें पुन्हां आरंभावें. पाचारणाची वाट अशा पावलांनींच सांपडते.