समाजस्वास्थ्याचे व्रत : प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे

महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे नाव ज्या घरी ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. विधवांसाठी काढलेला आश्रम, हिंगण्याची ती झोपडी, १९१६ साली स्थापन झालेले महिला विद्यापीठ, हे सारे आपण पाठ्यपुस्तकांतून वाचतो. त्यांच्या थोरल्या चिरंजीवांचे नाव मात्र आजही पुष्कळांना सांगावे लागते. आणि सांगताना अनेकांची जीभ थोडी अडखळते. पित्याने विधवेला पुन्हा संसार मांडण्याचा हक्क मिळवून दिला. पुत्राने त्याच्या पुढचा प्रश्न विचारला. मांडलेल्या संसारात मूल केव्हा व्हावे, किती व्हावीत, हे ठरविण्याचा हक्क स्त्रीला आहे की नाही? पित्याचे म्हणणे समाजाला त्यांच्या हयातीत पटले. पुत्राच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. त्या पुत्राची, प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांची, ही जीवनकथा आहे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील मुरूड हे कर्व्यांचे गाव. रघुनाथ अवघा नऊ वर्षांचा असताना, १८९१ साली, त्याची आई राधाबाई वारली. त्याच वर्षी अण्णासाहेब पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. पुढे १८९३ साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. या विवाहाची शिक्षा म्हणून मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावात जन्म झाला, त्याच गावात आपल्या वडिलांच्या पंक्तीला कोणी बसू नये असे ठरते, हे अकरा वर्षांच्या मुलाला कळण्यासारखे होते. लोकमताविरुद्ध वागणाऱ्यास काय किंमत मोजावी लागते, याचा पहिला धडा रघुनाथाला घरातच मिळाला.

मुलगा बुद्धीने विलक्षण तल्लख होता. १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला. १९०४ साली फर्ग्युसन कॉलेजातून बी. ए. होऊन वडिलांप्रमाणेच त्याने गणिताच्या अध्यापनाची वाट धरली. गणित हा रघुनाथरावांच्या केवळ पोटापाण्याचा विषय नव्हता. तो त्यांच्या विचारांचा साचा होता. गृहीत कोणते, सिद्ध काय झाले, मधली पायरी गाळली तर नाही ना, हे तपासल्याखेरीज कोणतेही विधान स्वीकारावयाचे नाही, ही सवय त्यांच्या हाडीमांसी खिळली. रूढी, धर्म, नीती यांपैकी कशालाही त्यांनी या कसोटीतून सूट दिली नाही. १९१९ साली गणिताच्या उच्च अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. फ्रेंच भाषा व वाङ्मय यांच्याशी त्यांचा जडलेला स्नेह अखेरपर्यंत टिकला. शरीरधर्माविषयी शास्त्रीय वृत्तीने, न लाजता लिहिलेले पाश्चात्त्य ग्रंथही त्यांनी बारकाईने अभ्यासले.

त्या काळातील आपल्या समाजाची स्थिती येथे ध्यानात घेतली पाहिजे. मुलींची लग्ने कोवळ्या वयात होत. पाठोपाठच्या बाळंतपणांनी त्यांची शरीरे खंगून जात, आणि कित्येकींचा अंत बाळंतिणीच्या खोलीतच होई. पाळण्यातली मुले दगावणे ही नित्याची गोष्ट होती. उपदंश आणि परमा यांसारखे गुप्तरोग शहरांतून फैलावलेले होते आणि पेनिसिलिनसारखे औषध अजून हाती आलेले नव्हते. पुरुष असा रोग घरी आणी, लाजेने लपवी, आणि त्याचे भोग निरपराध पत्नीच्या वाट्याला येत. परम्याने पछाडलेल्या मातेच्या नवजात बालकाचे डोळे जन्मतःच दूषित होऊन त्याची दृष्टी कायमची जाण्याचा संभव असे. या साऱ्याच्या मुळाशी दारिद्र्य होते, तसेच अज्ञानही होते. आणि अज्ञानाला सभ्यतेचे नाव दिलेले होते. जी गोष्ट जाणून घेतल्याने प्राण वाचतात ती बोलणे अशिष्ट, आणि न बोलता मरू देणे शिष्ट, असा तो हिशेब होता. गणिताच्या प्राध्यापकाला हा हिशेब चुकीचा वाटला.

१९२१ साली रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला व साधने देणारे केंद्र सुरू केले. हिंदुस्थानातील हे अशा प्रकारचे पहिले केंद्र होय. त्याच वर्षी डॉ. मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले चिकित्सालय उघडले होते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे मुंबईतील हा एकटा प्राध्यापक काळाच्या किती बरोबरीने चालत होता हे कळून येते. लवकरच त्यांनी संततिनियमनावर मराठीत ग्रंथ लिहिला, गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा हेही लिहिले. मराठी वाचकास समजेल अशा भाषेत शरीराचे व्यापार सांगावयाचे, हे काम सोपे नव्हते. शब्द एक तर ओव्यांतले किंवा शिव्यांतले. शास्त्राला साजेसा मधला शब्द घडवावा लागे. रघुनाथरावांनी तो घडविला.

त्या वेळी ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. हे कॉलेज स्कॉटिश मिशनऱ्यांनी चालविलेले. वर्गात गणित शिकविणारा गृहस्थ वर्गाबाहेर असल्या विषयाचा उघड प्रचार करतो, हे चालकांना रुचले नाही. प्रचार थांबवावा किंवा जागा सोडावी, असे दोनच मार्ग उरले. रघुनाथरावांनी १९२५ साली राजीनामा दिला. स्थिर पगार गेला, प्रतिष्ठेची जागा गेली. ज्याच्या हाती विद्यापीठाची पदवी, परदेशी शिक्षण आणि प्राध्यापकी होती त्या माणसाने ती सारी पुंजी एका विचाराच्या पायी खर्ची घातली.

येथे मालतीबाईंचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. रघुनाथरावांच्या पत्नी मालतीबाई यांनी पतीचे मत केवळ सहन केले नाही, तर त्या त्याच्या भागीदार झाल्या. आपणांस मूल असू नये असा निर्णय दोघांनी मिळून घेतला, आणि त्यासाठीची शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. स्त्रीच्या देहाला यातना देण्याऐवजी पुरुषाने आपला देह पुढे करावा, ही गोष्ट त्यांनी इतरांना सांगण्याआधी स्वतः करून दाखविली. लोकनिंदेचे बोल पतीइतकेच, किंबहुना अधिक, मालतीबाईंच्या कानी पडले असतील. मूल नसलेल्या स्त्रीकडे त्या काळी कोणत्या नजरेने पाहिले जाई हे आपल्या आजीपणजींना विचारावे. १९४४ साली मालतीबाई निवर्तल्या. त्यानंतरची नऊ वर्षे रघुनाथरावांनी तेच काम एकाकी चालविले.

राजीनाम्यानंतर दोन वर्षांनी, जुलै १९२७ मध्ये, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. व्यक्तीचे व समाजाचे आरोग्य, आणि त्या दृष्टीने कामशास्त्राचा विचार, हा त्याचा विषय. संपादक रघुनाथराव, प्रकाशक रघुनाथराव, आणि मजकुराचा मोठा भागही त्यांच्याच लेखणीचा. ‘शारदेची पत्रे’ या सदरातून ते समाजातील ढोंगावर बोचरी टीका करीत. वाचकांनी पाठविलेल्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे सदर तर फार महत्त्वाचे होते. जो प्रश्न मुलगा बापाला विचारू शकत नव्हता, पत्नी पतीला विचारू शकत नव्हती आणि रोगी वैद्यालाही विचारण्यास कचरत होता, तो प्रश्न टपालाने या एका पत्त्यावर येई. आणि त्याला हेटाळणीचे नव्हे, तर माहितीचे उत्तर मिळे. मुखपृष्ठावर छापलेल्या विवस्त्र चित्रांवरूनही गदारोळ झाला. मनुष्यदेहात लाजण्यासारखे काही नाही हे त्यांचे मत. ते त्यांनी मुखपृष्ठावरही लपविले नाही. जाहिराती तुरळक, वर्गणीदार थोडे, आणि तोटा ठरलेला. तरी मासिक चालू राहिले.

सरकारचा रोषही ओढवला. १९३१ साली मासिकातील एका लेखाबद्दल अश्लीलतेचा खटला होऊन रघुनाथरावांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली दुसरा खटला उभा राहिला. या वेळी आक्षेप वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर होता. या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. गोलमेज परिषदांमध्ये अस्पृश्यांची बाजू मांडून आलेला, देशभर नाव झालेला हा पुढारी एका उपेक्षित मासिकाच्या संपादकासाठी न्यायालयात उभा राहिला. वाचकाने शंका विचारली आणि तिचे शास्त्रीय उत्तर दिले, तर एवढ्याने ते अश्लील ठरत नाही, अशी त्यांची भूमिका होती. पाश्चात्त्य संशोधकांच्या ग्रंथांचा आधारही त्यांनी दिला. तरी खटला हरला आणि दोनशे रुपये दंड झाला. हार झाली खरी; परंतु ज्ञान देणे आणि चाळवणे यांतील भेद न्यायासनापुढे स्पष्ट शब्दांत मांडला गेला, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे १९३८ साली मुंबई कायदेमंडळात संततिनियमनाच्या प्रसारासाठी ठराव आला. त्यामागेही आंबेडकरांची प्रेरणा होती. तो ठराव बहुमताने फेटाळला गेला.

देशातील वजनदार मतही रघुनाथरावांच्या बाजूचे नव्हते. संयमाखेरीज अन्य उपाय महात्मा गांधींना मान्य नव्हता; १९३५ साली वर्ध्यास त्यांच्या भेटीस आलेल्या अमेरिकेच्या मार्गारेट सँगर यांनाही ते पटवून देता आले नाही. अशा वेळी रघुनाथरावांना थोड्याच माणसांचा आधार लाभला. त्यांत रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतलाबाई परांजपे या प्रमुख होत. पुण्यात संततिनियमनाचे कार्य त्यांनी हाती घेतले, पुढे मुंबईच्या विधानपरिषदेत व राज्यसभेत त्या सभासद झाल्या, आणि १९९१ साली पद्मभूषण किताबाने त्यांचा गौरव झाला. लावलेली ज्योत विझली नाही, हे त्यांच्यामुळे म्हणता येते.

रघुनाथरावांचे सारेच विचार आपणांस पटतील असे नाही. त्यांचा स्वभाव रुक्ष होता, लेखणीला धार होती, आणि माणसाच्या भावनांचा गुंता कधी कधी ते गणिताच्या उदाहरणासारखा सोडवू पाहत. त्यांनी सुचविलेली काही साधने वैद्यकाच्या प्रगतीमुळे आज मागे पडली आहेत. परंतु त्यांचे मूळ सूत्र आजही ढळलेले नाही. शरीराविषयीचे खरे ज्ञान माणसाला बिघडवीत नाही. अज्ञानाने मात्र तो बिघडतो, फसतो आणि प्रसंगी प्राणासही मुकतो.

१९५२ साली भारत सरकारने पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम अंगीकारला. जगातील एखाद्या शासनाने असा कार्यक्रम हाती घेण्याची ही पहिलीच वेळ. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईस या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषदही भरली. ज्या शहरात एकतीस वर्षांपूर्वी एका प्राध्यापकाने हे बोलण्याचे धाडस केले आणि नोकरी गमावली, त्याच शहरात जगातील विद्वान तोच विषय घेऊन उजळ माथ्याने जमले. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, रघुनाथरावांचे निधन झाले. ‘समाजस्वास्थ्या’चा नोव्हेंबर १९५३ चा अंक शेवटचा ठरला. सव्वीस वर्षांहून अधिक काळ चाललेले मासिक आपल्या संपादकाबरोबरच संपले.

अण्णासाहेबांना हे पुत्रनिधन उतारवयात पाहावे लागले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला. मुरूडने ज्यांना वाळीत टाकले होते त्यांच्या चरणी सारा देश नम्र झाला. पुत्राची दखल घ्यावयास समाजाला अधिक काळ लागला. २००१ साली त्यांच्या जीवनावर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट निघाला, २०१७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक रंगभूमीवर आले, आणि विस्मृतीत गेलेले नाव पुन्हा ओठांवर आले.

विद्यार्थी मित्रहो, आज आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननसंस्थेचा पाठ असतो. कित्येक वर्गांत तो घाईने उरकला जातो. मागच्या बाकांवर हसू फुटते आणि पुढच्या बाकांवर माना खाली जातात. त्या पाठाची पाने समोर येतील तेव्हा एवढे आठवावे की, त्या चार आकृत्या आणि ते साधे शब्द उघडपणे छापता यावेत यासाठी कोणी एका बुद्धिमान माणसाने आपली नोकरी, आपला पैसा आणि आपला लौकिक गमावला आहे. मनात शंका येईल ती दबक्या आवाजात सोबत्याला न विचारता आईला, वडिलांना, शिक्षकांना अथवा डॉक्टरांना सरळ विचारावी. आणि वडीलधाऱ्यांनीही ती रागावून न झिडकारता तिचे खरे उत्तर द्यावे. रघुनाथरावांचे याहून योग्य स्मारक दुसरे नाही.